परत कधी येशील?

आज पाहुणे कोणी नाहीत. मी एकटाच आहे आणि माझीच एक चूक सांगायचीये.

गेल्या पावसाळ्यात गोदावरीला पूर आला. आपल्याकडे पूर किती, हे दुतोंड्या मारुतीवरून कळतं. कमरेला पाणी, छातीला पाणी, आणि अर्धं नाशिक ते बघायला पुलावर! मीही मोबाईल घेऊन गेलो. नंतर नदीकाठच्या एका वस्तीत शिरलो. घरांत पाणी, भांडीकुंडी रस्त्यावर. ४० मिनिटं शूट केलं आणि ९० सेकंदांची रील बनवली. मस्त चालली. निघताना एक आजी म्हणाल्या, "परत कधी येशील रे?" मी म्हटलं, "येतो आजी, लवकरच."

गेलो नाही. आपण सॉफ्टवेअरवाले, दोन आठवड्यांच्या स्प्रिंटवर जगणारे. रिलीज झालं की तिकीट क्लोज.

मग एका शनिवारी आनंद पटवर्धन यांची 'जय भीम कॉम्रेड' बघितली. तीन तासांच्या आसपास आहे, घाबरू नका. ११ जुलै १९९७ ला मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. लोक रस्त्यावर आले, पोलिसांनी गोळीबार केला, १० जण गेले. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली.

आता बघा. हेच घोगरे १९८५ च्या 'बॉम्बे : हमारा शहर' मध्ये गाताना दिसतात. ती फिल्म झोपड्या पाडल्या जाणाऱ्या लोकांवरची, आणि तीही पटवर्धनांचीच. म्हणजे १२ वर्षांपूर्वी ज्याचं गाणं रेकॉर्ड केलं, तो माणूस गेला म्हणून हा दिग्दर्शक पुन्हा कॅमेरा घेऊन निघाला. आणि पुढची १४ वर्षं शूट करत राहिला. वस्ती, कोर्टातली केस, जलसे, पुण्यातल्या कबीर कला मंचाची तरुण पोरं. फिल्म पूर्ण झाली २०११ मध्ये. कॅमेरा बऱ्याचदा स्वतःच्याच हातात, एडिटिंगही स्वतःच. वर डेडलाईन विचारायला स्टुडिओ नाही. 'स्वतंत्र' म्हणजे पैसे कमी, एवढंच मला आधी वाटायचं. इथे कळलं की वेळ स्वतःच्या हातात असणं, हाही त्याचा अर्थ आहे. १४ वर्षं थांबायची परवानगी कुठलं चॅनल देईल, सांगा!

फिल्म झाल्यावर ती वस्त्यांमध्ये, चाळींमध्ये पडदा लावून दाखवली गेली. म्हणजे ज्यांची गोष्ट, त्यांनीही बघितली. इथे मी अडकलो. माझी रील हजारोंनी बघितली होती, पण आजींनी?

मग पुढच्या रविवारी गेलो. आठ महिन्यांनी. आजींनी ओळखलं, चहा ठेवला. मी फोनवर रील लावली. त्यांनी दोनदा बघितली. हसल्या, मग एकदम गप्प.

"ही आमची शेजारीण. रडतेय ना इथं? तिला विचारलं होतंस का?"

विचारलं नव्हतं. नवऱ्याशी भांडून ती माहेरी गेलीये, गावात कोणी तिचा हा व्हिडिओ दाखवला तर काय, असं आजी म्हणत होत्या. मी तिथेच बसून रील काढून टाकली. कोणाकोणाच्या फोनमध्ये ती सेव्ह असेल, ते मात्र माझ्या हातात नाही.

आजींनी शेजारणीच्या भावाचा नंबर दिलाय. अजून फोन केलेला नाही. हा एपिसोड अपलोड झाला की करतो.