कुठे अडलं तेही सांगा

रात्रीच्या गाडीने पुण्यात उतरलेल्या डेटाबेसवाल्या मित्रमैत्रिणींनो, स्वागत समितीच्या वतीने आपलं मनापासून स्वागत.

स्वागताध्यक्षाने खरं तर चहा, जेवण आणि खोल्या बघायच्या असतात. पण २५ वर्षं पतसंस्थेचं सॉफ्टवेअर सांभाळलेल्या माणसाच्या हाती माइक दिलात, तर थोडं ऐकावं लागेल.

आमच्या काउंटरवर एका खातेदाराचं नाव चढेना. ज्ञानेश्वर. पडद्यावर इंग्रजीत उमटलं: अमुक रकान्यासाठी मूल्य फार मोठं, प्रत्यक्ष ३०, कमाल २०. काउंटरवरच्या बाईंनी बोटांवर मोजलं: ज्ञा, ने, श्व, र. चार! म्हणाल्या, "साहेब, तुमच्या मशीनला मोजता येतं ना?" येत होतं. काना, मात्रा, हलन्त धरून त्या नावात दहा चिन्हं, आणि यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला तीन बाइट. 'बाइट' हा शब्द मात्र संदेशात कुठेच नव्हता. शेवटी नाव इंग्रजीत टाकलं; पासबुकावर ते अजून तसंच छापून येतं.

त्या संदेशाने निदान रकाना तरी सांगितला होता. ओरॅकलचा त्रुटी क्रमांक ००९४२ आठवा: टेबल किंवा व्ह्यू अस्तित्वात नाही. कुठलं? पन्नास ओळींच्या क्वेरीत बारा टेबलं असली, तर शोधत बसा. त्या टेबलाचं नाव संदेशात यायला २३एआय आवृत्ती उजाडावी लागली. मजकूर कापला जाईल, एवढंच बजावणारा एसक्यूएल सर्व्हर २०१९ च्या आवृत्तीपासून रकाना आणि कापलेला मजकूर दाखवू लागला. पोस्टग्रेसचं मला कौतुक वाटतं. रकान्याचं नाव चुकीचं टाइप केलं, तर ९.५ पासून ते जवळचं नाव शोधून 'तुम्हाला हे म्हणायचं होतं का' असं विचारतं. त्याच्या संदेशात तपशील वेगळा, सूचना वेगळी. पण तेच पोस्टग्रेस मजकूर लांब झाला, की मर्यादा सांगतं आणि रकाना सांगायचं विसरतं!

सगळंच उघड करून चालत नाही, हे मान्य. ज्याला टेबल बघायचा अधिकारच नाही, त्याला ते आहे हेही कळू नये. एसक्यूएल इंजेक्शन करणारे हल्लेखोर अशाच संदेशांवर जगतात. म्हणून तपशील लॉगमध्ये जावा, काउंटरवर सरळ मराठी वाक्य आणि तक्रारीसाठी एक क्रमांक यावा. सुरक्षिततेच्या नावाखाली आपण बराच आळसही खपवतो, हे आपल्यातच राहू द्या.

जेवण दीड वाजता, मागच्या मंडपात. गळ्यातल्या ओळखपत्रावर नाव चुकलं असेल, तर नोंदणीच्या टेबलावर सांगा. नुसतं 'चुकलंय' म्हणू नका, कुठलं अक्षर तेही सांगा. तिथे आमच्या त्याच बाई बसल्या आहेत.