स्थिर विजेचा बंदोबस्त: स्वागताध्यक्षीय भाषण

व्यासपीठावरील मान्यवर, पुणे-संभाजीनगरहून आलेले उद्योजक, सातपूर-अंबडचे माझे सहकारी आणि असेंब्ली लाइनवर काम करणाऱ्या भगिनींनो, गोदाकाठी आपणा सर्वांचं मनापासून स्वागत!

ही परिषद आम्ही मुद्दाम थंडीत भरवली. निफाडचा पारा उतरला, हवा कोरडी पडली की स्वेटर काढताना स्थिर विजेचा चटचट आवाज येतो. आपल्या सर्किट बोर्डांना, म्हणजे पीसीबींना, याच दिवसांत सर्वाधिक जपावं लागतं. माणसाला या विजेचा झटका जाणवायला साधारण 3000 व्होल्ट लागतात. काही नाजूक चिप मात्र 100 व्होल्टच्या आतच दुखावतात. हाताला काही कळतच नाही. त्यातही दुखावलेली चिप कित्येकदा तपासणीत पास होते आणि पुढे ग्राहकाकडे बंद पडते. मग ठपका येतो सोल्डरिंग करणाऱ्या ताईंवर. हा अन्याय मला सहन होत नाही, म्हणून मी या परिषदेचा आग्रह धरला.

1964 मध्ये ओझरला एचएएलचा कारखाना उभा राहिला; मिग-21पासून सुखोई-30पर्यंतची विमानं तिथं घडली. काटेकोर कामाची शिस्त नाशिकला नवी नाही. आपल्या गाळ्यांमध्ये मात्र अंगावरची स्थिर वीज जमिनीत उतरवणाऱ्या मनगटी पट्ट्याची वायर बरेचदा रंग दिलेल्या बोल्टला अडकवलेली दिसते. रंगाच्या थरामुळे अर्थिंग मिळतच नाही, पट्टा नुसता हाताला बांधलेला राहतो. पट्ट्यातला 1 मेगाओहमचा रेझिस्टर कामगाराच्या जिवासाठी असतो. ‘थेट अर्थिंग बरं’ म्हणून तो कुणीही काढू नये, ही हात जोडून विनंती. थर्माकोल, साध्या पॉलिथिनच्या पिशव्या, चहाचे प्लास्टिकचे कप यांच्यातून वीज वाहत नाही, त्यामुळे अर्थिंग देऊनही त्यांच्यावरचा विद्युतभार उतरत नाही. ते टेबलावरून हटवावेत. जे हटवता येत नाही, तिथं हवेत आयन सोडून हा भार नाहीसा करणारा आयोनायझर लावावा.

छोट्या उद्योजकांना माझं सांगणं आहे, स्थिर वीज उतरवणाऱ्या महागड्या फरशीचा विचार नंतर करा. आधी दाराशी पट्टा तपासायचं यंत्र बसवा आणि रोज सकाळी मालकानंही त्यावर बोट ठेवूनच आत जावं. साहेब तपासून घेतात म्हटल्यावर कुणाला वेगळं सांगावं लागत नाही.

शेजारच्या दालनात प्रात्यक्षिकं मांडली आहेत. सोबत आणलेले पट्टे तिथं तपासून घ्या. आता उद्घाटकांना दीपप्रज्वलनाची विनंती करतो.