उतारवयातले सोबती

वाफेवर ठेवलेल्या पोह्यांचा आणि कढईतल्या जिलेबीचा वास इंदूरच्या गल्ल्यांतून पसरू लागतो, त्या सुमारास रामबागेत किंवा लोकमान्यनगरात एखाद्या मराठी घराचे दार उघडते आणि दोन म्हातारे बाहेर पडतात. एकाच्या हातात काठी असते, दुसऱ्याच्या गळ्यात पट्टा. आजोबांनी पंचाहत्तरी ओलांडलेली असते. कुत्र्याला तेरावे लागलेले असते, म्हणजे त्याच्या जातीच्या हिशेबाने तोही पिकले पानच. त्याचे नाव मोती असेल, शेरू असेल. कोणतेही असले तरी आता ते दोनदा पुकारावे लागते. कोण कोणाला फिरावयास नेतो, हे पाहणाऱ्यास सांगता येत नाही.

अशा घरात मधुमेह काही नवा पाहुणा नसतो. आजोबांशी त्याची वीस वर्षांची ओळख असते. परंतु कुत्रा एकाएकी भांडेभर पाणी पिऊ लागला, रात्रीतून दोनदा दार खरवडू लागला, पोटभर खाऊनही त्याच्या फासळ्या दिसू लागल्या, तेव्हा घरातल्यांना प्रथम वाटते ते एवढेच, की म्हातारपण आले. खरे पाहता ही सारी लक्षणे त्यांनी आजोबांच्या बाबतीत पूर्वी पाहिलेली असतात. तीच चार पायांच्या जिवात दिसली म्हणजे ओळखू येत नाहीत, हा मनुष्यस्वभाव आहे. पशुवैद्याने रक्त आणि लघवी तपासून ‘साखर आहे’ असे सांगितले, की सर्वांत आधी आजोबांनाच हसू येते. आणि मग ते बराच वेळ काही बोलत नाहीत.

या दोघांचे नाते घराच्या उंबरठ्यापुरते नाही. १८८९ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे मिन्कोव्हस्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले, तेव्हा त्याला मधुमेह जडला, आणि या रोगाचे मूळ कोठे शोधावयाचे हे वैद्यकास प्रथम नीट उमगले. पुढे १९२१ च्या उन्हाळ्यात टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी कुत्र्यांवरच प्रयोग केले. त्यांतली मार्जोरी नावाची कुत्री स्वादुपिंडावाचून, केवळ त्यांनी काढलेल्या अर्काच्या आधारावर, सुमारे सत्तर दिवस जगली. जानेवारी १९२२ मध्ये तोच अर्क लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला देण्यात आला. पहिली मात्रा अशुद्ध निघाली. अधिक शुद्ध केलेली दुसरी मात्रा लागू पडली आणि मरणाच्या दारातून मुलगा परतला. आजोबांच्या शीतकपाटातील छोट्या कुपीचा जन्म हा असा आहे. तिच्यासाठी ज्यांनी प्राण दिले, त्यांच्या वंशजाला आज त्याच औषधाची सुई लागावी, ही ऋणाची परतफेड म्हणावयाची की नुसता योगायोग, ते ज्याचे त्याने ठरवावे. डुकराचे इन्सुलिन आणि कुत्र्याचे इन्सुलिन यांची रचना तंतोतंत एकच असते, हा आणखी एक नवलाचा भाग.

परंतु औषध एका जातीचे म्हणून कुपीही एकच वापरावी, असे मात्र नाही. आणि घराघरांतून चूक होते ती येथेच. आजोबांची मात्रा वेगळी, कुत्र्याची वेगळी. शिवाय आपल्याकडे एका मिलिलिटरात चाळीस एकक असलेल्या कुप्या मिळतात, तशीच शंभर एककांचीही औषधे मिळतात, आणि प्रत्येकीची सिरिंज निराळी असते. चाळिसाच्या सिरिंजने शंभराचे औषध भरले, तर अडीचपट मात्रा अंगात जाते. कुत्र्याला ‘मला घेरी येते आहे’ असे सांगता येत नाही. तो अडखळतो, थरथरतो, कोपऱ्यात जाऊन पडतो. अशा वेळी शुद्धीत असेल तर खाऊ घालावे, नसेल तर मध किंवा साखरेचे दाट पाणी त्याच्या हिरड्यांना चोळावे आणि ताबडतोब पशुवैद्याकडे न्यावे. घशात पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाते.

कुत्र्याचे वेळापत्रक हे आजोबांच्या वेळापत्रकाहून कडक. बारा बारा तासांच्या अंतराने दोन जेवणे, आणि जेवण पोटात गेल्यावर सुई. त्याने अन्नाला तोंड लावले नाही, तर नेहमीची पूर्ण मात्रा टोचणे धोक्याचे. तेव्हा डॉक्टरांना विचारणे भाग पडते. माळव्याच्या मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि वीज गेली की शीतकपाट निरुपयोगी होते. त्या वेळी ओल्या मातीच्या भांड्याच्या गारव्यात कुपी ठेवण्याची जुनी युक्ती कामी येते. शीतकपाटात बर्फाच्या खणालगत मात्र ती कधीही ठेवू नये. गोठलेले इन्सुलिन वाया गेले असे समजावे.

आता जिलेबीविषयी. आजोबांना ती वर्ज्य आहे हे सर्वांना ठाऊक असते, आणि ते कोपऱ्यावर थांबून तिचा एक वेढा खातात हेही सर्वांना ठाऊक असते. त्यातला अर्धा सोबत्याला मिळतो. गुन्ह्यात भागीदार असला म्हणजे गुन्हा हलका वाटतो. सूनबाई यावर उपाय म्हणून बिनसाखरेची मिठाई आणतात, आणि संकट येथे वाढते. अशा काही पदार्थांत झायलिटॉल नावाचा गोडवा घातलेला असतो. माणसाला तो बाधत नाही. कुत्र्याच्या अंगात मात्र त्याने इन्सुलिन एकदम उसळते, रक्तातली साखर खाली कोसळते आणि यकृतही निकामी होऊ शकते. आजोबांच्या पथ्याची गोळी कुत्र्याला विष ठरते, ती अशी. चंपाषष्ठीचे उदाहरणही असेच आहे. होळकरांचे कुलदैवत खंडोबा. त्याच्या सोबतीला कुत्रा असतो म्हणून त्या दिवशी भरीत-रोडग्याचा घास कुत्र्याला घालण्याची रीत पुष्कळ घरांत आहे. घास जरूर घालावा; परंतु भरतात कांदा असतो, आणि कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. रोडगा द्यावा, भरीत राखावे. देवाची त्याला हरकत असण्याचे कारण नाही. दुखऱ्या गुडघ्यांसाठी आजोबांच्या डब्यातली वेदनाशामक गोळी कुत्र्याला देणे तर सर्वथा वर्ज्य. मांजराला पॅरासिटामॉलची एक गोळीही प्राणघातक ठरू शकते.

मधुमेही कुत्र्याच्या डोळ्यांत बहुधा वर्षभराच्या आतच मोतीबिंदू उतरतो. भिंगात साखरेपासून तयार झालेला पदार्थ पाणी ओढून घेतो आणि डोळा दुधाळ होतो. शस्त्रक्रिया करता येते, पण ती सर्वत्र होत नाही आणि स्वस्तही नसते. इंदूरपासून जवळच महू येथे १९५५ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, ही या भागातील लोकांना मोठी सोय. परंतु तेथवर न्यावयाचे कोणी, हा प्रश्न राहतोच. मुलगा कामावर, सून शाळेत, नातू परगावी शिकावयास. आजोबा एकटे जावयास तयार असतात; त्यांना कोणी जाऊ देत नाही.

आणि मग घरात तो विषय निघतो. आजोबांच्या पायाची जखम भरत नाही, त्यांना महाराजा यशवंतराव रुग्णालयात दाखल करावे लागते, दोन माणसे तेथे गुंततात. सायंकाळचे सहा वाजतात आणि घरी कुत्रा सुईसाठी थांबलेला असतो. आधी डबा पोहोचवावयाचा की आधी सुई द्यावयाची? अशा वेळी कोणीतरी हळूच म्हणतो, ‘त्याला किती दिवस असे ओढावयाचे?’ बोलणारा निर्दय नसतो; थकलेला असतो. असाध्य वेदना असेल, प्राणी खात-पीत नसेल, तर पशुवैद्याने भूल देऊन त्याला शांतपणे निरोप द्यावा, यात पाप मानण्याचे कारण नाही. परंतु प्राणी जेवतो आहे, पावलांचा आवाज ओळखून शेपूट हलवतो आहे, आणि अडचण फक्त माणसांच्या वेळेची आहे, तेथे सुई टोचावयास शिकलेले शेजारचे एक माणूसही पुरेसे असते. असे माणूस आजारपण येण्यापूर्वीच तयार करून ठेवावे. दोन दिवसांत हात बसतो. मानेवरची सैल कातडी चिमटीत धरावयाची आणि तिच्याखाली सुई सरकवावयाची. कुत्र्याला ती बहुधा कळतही नाही.

एक गोष्ट वडीलधाऱ्यांच्या पलंगाजवळ बसणाऱ्यांनी लक्षात घ्यावी. कुत्र्याविषयी घरात जे बोलले जाते, ते आजोबा ऐकत असतात. ‘आता त्याचा काय उपयोग’, ‘खर्च किती’, ‘डोळ्यांनी दिसत नाही तरी जगतो आहे’ ही वाक्ये त्यांच्या कानांवर पडतात, आणि ती कोणाविषयी आहेत हे ते मनात ताडून पाहतात. रुग्णालयातून आल्यावर त्यांचा पहिला प्रश्न ‘त्याला सुई दिली का?’ असा असतो, यात नवल नाही.

उत्तर होकारार्थी आले, की ते पलंगाच्या कडेवरून हात खाली सोडतात. दुधाळ डोळ्यांचा सोबती वासाने वाट काढीत येतो आणि हाताखाली डोके आणून ठेवतो.