गाणं कुणाचं?

मागच्या रांगेत शिट्ट्या मारणाऱ्या दोस्तांनो,

आत्ता नववीच्या मुलींनी ‘कोंबडी पळाली’वर मांडव दणाणून सोडला. निवेदक ताई म्हणाल्या, हे क्रांती रेडकरचं गाणं. पडद्यावर त्या नाचल्या, हे खरं. पण गायलं वैशाली सामंत आणि आनंद शिंदे यांनी, लिहिलं जितेंद्र जोशींनी, चाल अजय-अतुल यांची. मी दौंडचा ऑर्केस्ट्रावाला, की-बोर्ड वाजवणारा, त्यामुळे गाणं कुणाचं हे सांगायची खोड जात नाही.

वैशाली सामंतांचं नाव घरोघरी गेलं ते 2002च्या ‘ऐका दाजिबा’नं. संगीत अवधूत गुप्ते यांचं. हिंदी म्युझिक चॅनलवर मराठी गाणं वाजतंय, याचंच आम्हाला अप्रूप! वरातीत पहिली फर्माईश तीच. तो खासगी अल्बमचा जमाना होता. पुढं कॅसेट गेली, मग सीडी गेली, कॉपी केलेल्या एमपी३ फुकटात फिरू लागल्या आणि तो बाजारच उठला. एका अल्बमवर गाजलेले कितीतरी गळे त्यात हरवले. सामंत टिकल्या. 2006मध्ये ‘जत्रा’ सिनेमात ‘कोंबडी पळाली’ गायल्या, पुढं टीव्हीवरच्या ‘लिटिल चॅम्प्स’ स्पर्धेच्या परीक्षक झाल्या. एवढ्या गाजलेल्या गाण्यानंतरही त्या नवीन काम शोधत राहिल्या, हे मला मोठं वाटतं.

आता गंमत बघा. 2012च्या ‘अग्निपथ’मध्ये ‘चिकनी चमेली’ आलं. चाल ‘कोंबडी पळाली’चीच. शब्द अमिताभ भट्टाचार्यांचे, गळा श्रेया घोषालचा. तुम्ही म्हणाल, मूळ गायकांवर अन्याय झाला. मला तसं वाटत नाही. चाल संगीतकाराची, ती तो दुसऱ्या गळ्यालाही देऊ शकतो. गायकाचा हक्क त्यानं गायलेल्या ध्वनिमुद्रणापुरता.

हे आमच्या धंद्यात फार उशिरा कळतं. एकरकमी पैसे घ्यायचे आणि सगळं लिहून द्यायचं, हीच रीत होती. कॉपीराइट कायद्याच्या 2012च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा असा सहजासहजी लिहून घेता येत नाही. गायकालाही वाटा मिळाला. गीतकाराचा हक्क त्याच्या पश्चात 60 वर्षं राहतो. म्हणजे नातवंडांपर्यंत!

लिहिणाऱ्याचं नाव कसं मागं पडतं बघा. आपल्या शिरूर तालुक्यात कवठे येमाईचे शाहीर बी. के. मोमीन होऊन गेले. तमाशाच्या फडांसाठी त्यांनी लिहिलं, राज्य शासनानं त्यांना विठाबाई नारायणगावकर पुरस्कार दिला. फडावर शिट्ट्या पडायच्या त्या गाणारणीला. लिहिणारा कोण, हे कितीजणांनी विचारलं असेल?

तुमच्यातले काहीजण मोबाईलवर गाणी करता, मला माहीत आहे. एखादं यात्रेच्या हंगामात न्हावऱ्यापासून चौफुल्यापर्यंत डीजेवर वाजेलही. मग कुणीतरी कराराचा कागद पुढं करील आणि पोरगं फोटो काढायच्या नादात सही करून मोकळं होईल. आधी तो कागद घरी आणा, जाणत्या माणसाकडून वाचून घ्या. शब्द कुणाचे, चाल कुणाची, गायलं कुणी, तारखेसकट वहीत लिहून ठेवा. मित्रांत भांडणं लागतात ती इथंच.

कुणी स्वतः गाणं केलं असेल तर कार्यक्रमानंतर मला स्टेजमागं भेटा, वही घेऊन या. बक्षिसं वाटायची आहेत, सर मघापासून घड्याळ बघताहेत. थांबतो.