प्रोग्रॅमिंग कुणाला जमतं?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



समितीनं सांगितलंय, 'सर, पोरांच्या शिक्षणावर बोला, पण लवकर आवरा, मागं जेवणाची पंगत आहे.' तेव्हा सरळ मुद्द्यावर येतो.

आपल्या सोसायटीतली सात मुलं यंदा इंजिनिअरिंग, बीसीए आणि बीएस्सी कॉम्प्युटरच्या पहिल्या वर्षाला आहेत. त्यातल्या तीन घरांतून मला एकच प्रश्न आला : 'सर, ह्याला प्रोग्रॅमिंग जमत नाही. लाइन बदलू का?' एका मुलीनं तर दिवाळीनंतर कॉलेजला जायचंच बंद केलंय. बारावीला गणितात उत्तम मार्क, आणि इथं पहिल्याच सत्रात नापास. फीसाठी कर्ज काढलेलं. म्हणून आज हा विषय.

पहिली गोष्ट, ही फक्त आपल्या घरातली अडचण नाही. डेन्मार्कच्या बेनेडसन आणि कॅस्परसन या दोन प्राध्यापकांनी जगभरच्या कॉलेजांकडून माहिती गोळा केली. २००७ साली त्यांना दिसलं, की प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या पेपरात साधारण तीनातला एक विद्यार्थी अडकतो. २०१९ साली पुन्हा पाहिलं, तर प्रमाण २८ टक्के होतं.

दुसरी गोष्ट. आपण पटकन म्हणतो, 'डोकंच लागतं त्याला, उपजत असावं लागतं.' इंग्लंडमध्ये २००६ च्या सुमाराला देहनादी आणि बोर्नाट यांनी असाच दावा केला होता. कोर्स सुरू होण्याआधीच एक छोटी चाचणी घेऊन कोण पास होणार ते ओळखता येतं, असं त्यांचं म्हणणं. जगभर त्याची चर्चा झाली. पुढं २०१४ साली बोर्नाट यांनी स्वतःच तो दावा जाहीरपणे मागे घेतला.

त्या चाचणीतला प्रश्न मात्र मजेशीर होता. अ = १०, ब = २०, आणि मग अ = ब. आता अ किती? गणितात हुशार असलेलं पोर इथंच गोंधळतं. दहा आणि वीस बरोबर कसे होतील? पण प्रोग्रॅमिंगमध्ये ते 'बरोबर' चिन्ह नव्हेच. 'उजवीकडच्या डब्यात जे आहे, तेच डावीकडच्या डब्यात ठेव' असा तो हुकूम आहे. म्हणजे अ झाला वीस, आणि ब सुद्धा वीसच राहिला. हे कुणी डबे काढून दाखवलं, तर पाच मिनिटांत कळतं. नाही दाखवलं, तर सगळं सत्र वाया जातं.

मग यश कशावर ठरतं? अमेरिकेत विल्सन आणि श्रॉक यांनी २००१ साली बारा कारणं तपासली. गणिताची तयारी कामाला येते, हे दिसलंच. पण सगळ्यात वरचं कारण निघालं निर्धास्तपणा. वर्गात प्रश्न विचारायला, लॅबमध्ये चुकायला मुलाला भीती वाटते की नाही, हे. आणि जे यशापयश नशिबावर ढकलत होते, ते मागं पडत होते. म्हणून घरात 'तुझ्या नशिबातच नाही' हे वाक्य बंद करा. प्रोग्रॅम पहिल्या फटक्यात चालत नाही, तो कुणाचाच चालत नाही. चूक शोधणं हाच अभ्यास.

तिसरं कारण भाषेचं. मराठी शाळेतून आलेल्या मुलाला एकाच वेळी दोन भाषा शिकाव्या लागतात, एक इंग्रजी आणि एक कॉम्प्युटरची. यावर उपाय आहे. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'वर सी, जावा, पायथॉन अशा विषयांचे छोटे धडे मराठीतून फुकट मिळतात. थांबवून, पुन्हा लावून बघता येतात. बघता बघता शेजारी टाइप करायचं, नुसतं बघायचं नाही.

चौथं, हाताची सवय. पोहणं पुस्तकातून येत नाही. बऱ्याच मुलांकडे फक्त मोबाईल असतो, आणि मोबाईलवर प्रोग्रॅम लिहिणं म्हणजे चमच्यानं विहीर उपसणं. रोज अर्धा तास कीबोर्डवर बसलेलं पोर परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्याच्या पुढं जातं. आणि हल्ली एआयला विचारलं की आयतं उत्तर मिळतं. विचारा जरूर, पण आधी स्वतः झटून, आणि मिळालेली प्रत्येक ओळ समजून. परीक्षेच्या हॉलमध्ये आयतं मिळत नाही.

पाचवं कारण सोबतीचं. दोघांनी एकाच मशीनवर बसायचं, एकानं लिहायचं, दुसऱ्यानं चुका धरायच्या, मग अदलाबदल. अशा जोडीनं शिकणाऱ्या मुलांमध्ये कोर्स अर्धवट सोडण्याचं प्रमाण कमी असतं, असा अमेरिकेतल्या कॉलेजांचा अनुभव आहे. आपल्याला हे नवीन नाही. आपल्या गच्चीवरून जोतिबाचा डोंगर दिसतो. चैत्र यात्रेत सासनकाठी एकटा माणूस नाचवतो असं लांबून वाटतं. जवळ गेल्यावर कळतं, चारी बाजूंनी दोर धरणारे असतात म्हणून ती उभी राहते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहं काढली, तीही याचसाठी. खेड्यातल्या पोराला बसायला जागा आणि अभ्यासाला सोबत मिळाली, की ते शिकतं.

तर रौप्यमहोत्सवाच्या निमित्तानं समितीकडे एक मागणी करतो. आपला हॉल आठवड्यातले सहा दिवस कुलपात असतो. रविवारी सकाळी दोन तास तो उघडा ठेवा. ज्यांच्या घरी जुने, चालू अवस्थेतले कॉम्प्युटर पडून आहेत, त्यांनी द्यावेत. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी पहिल्या वर्षाच्यांजवळ बसावं. शिकवायला मी येईनच. पण माझ्यापेक्षा, गेल्याच वर्षी तिथं अडकून बाहेर पडलेलं पोर जास्त चांगलं समजावतं.

आणि त्या मुलीच्या आईवडिलांना एवढंच सांगतो : लाइन बदलायचा निर्णय एक सत्रभर थांबवा. तिला रविवारी हॉलवर पाठवा. सहा महिन्यांनी तिला खरंच हा विषय आवडला नाही, तर खुशाल बदला. पण तो निर्णय तिनं आवडीनं घ्यावा, भीतीनं नको.

पंगत तयार आहे. सर्वांना शुभेच्छा देऊन थांबतो. जोतिबाच्या नावानं चांगभलं!