‘खुकरी’ आणि तिच्या भगिनी



९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर ‘खुकरी’ ही भारतीय युद्धनौका ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीच्या पाणतीराने बुडाली. अठरा अधिकारी व १७६ खलाशी तिच्याबरोबर गेले. पाण्याखालचा वेध घेणाऱ्या सोनार यंत्राचा पल्ला वाढविण्याचा प्रयोग चालू असल्यामुळे नौका त्या वेळी संथ गतीने चालली होती. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपले जीवरक्षक जाकीट दुसऱ्यास दिले आणि ते स्वतः नौकेवरच राहिले. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र देण्यात आले. एवढा भाग बहुतेकांस ठाऊक असतो. त्या नावाचे पुढे काय झाले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

जुन्या ‘खुकरी’ला ‘कृपाण’ आणि ‘कुठार’ अशा दोन भगिनी होत्या. तिघीही ब्रिटनमध्ये बांधलेल्या. १९६१ च्या डिसेंबरात गोव्याच्या मुक्तिसंग्रामात ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेभोवती जो ताफा होता, त्यात या तिघी होत्या. ती नावे पुसली जाऊ नयेत असे नौदलाने ठरविले, आणि नव्या वर्गाच्या चार नौकांस ‘खुकरी’, ‘कृपाण’, ‘कुठार’ व ‘खंजर’ अशी नावे दिली.

या नव्या नौका कॉर्व्हेट जातीच्या. आंग्र्यांच्या आरमारात गुराब मोठे व गलबत लहान. फ्रिगेट व कॉर्व्हेट यांचे नाते साधारण तसेच समजावे. लांबी ९१ मीटर, वजन सुमारे १,४०० टन. शत्रूच्या जहाजांवर सोडावयाची चार क्षेपणास्त्रे, ७६ मिलिमीटरची तोफ, आणि मागील बाजूस लहान हेलिकॉप्टर उतरण्याची जागा. एवढ्याशा देहावर इतकी कामे सोपविलेली! डिझेल इंजिने परदेशी परवान्याने, पण किर्लोस्करांनी भारतात जुळविलेली होती. ‘खुकरी’ आणि ‘कुठार’ मुंबईच्या माझगाव गोदीत बांधल्या गेल्या, उरलेल्या दोन कलकत्त्यात.

२३ ऑगस्ट १९८९ रोजी नवी ‘खुकरी’ नौदलात दाखल झाली. त्या समारंभास संरक्षणमंत्री कृष्णचंद्र पंत यांच्याबरोबर कप्तान मुल्ला यांच्या पत्नी सुधा मुल्ला होत्या. ज्या नावाने पती नेला, तेच नाव धारण करणारी नौका समुद्रात सोडताना त्या बाईंच्या मनात काय आले असेल, याची कल्पना ज्याची त्याने करावी.

एक गोष्ट मात्र मनाला टोचते. पाणबुडीने बुडविलेल्या नौकेचे नाव जिला दिले, तिचे मुख्य शस्त्र पाण्यावरील जहाजांसाठी होते. पाणबुडीचा माग काढण्यासाठीच खास बांधलेली ‘कामोर्टा’ ही कॉर्व्हेट नौदलात आली ती २३ ऑगस्ट २०१४ रोजी, म्हणजे बरोबर पंचवीस वर्षांनी. नावाने स्मृती टिकते, उणीव भरून निघत नाही.

तरी ‘खुकरी’ने आपले काम चोख केले. पश्चिम व पूर्व अशा दोन्ही ताफ्यांत तिने सेवा केली. बत्तीस वर्षांत अठ्ठावीस कप्तानांच्या हाताखाली ती ६,४४,८९७ सागरी मैल चालली. पृथ्वीपासून चंद्रापर्यंतचे अंतर तीनदा मोजावे इतकी ही मजल. या सर्व काळात तिला मोठ्या युद्धाचा प्रसंग आला नाही. पहारा, गस्त, सराव, हेच तिचे आयुष्य. नौकेच्या बाबतीत याहून चांगले दैव कोणते?

२३ डिसेंबर २०२१ रोजी विशाखापट्टणम येथे तिचा ध्वज उतरविण्यात आला. ‘कृपाण’चे भाग्य निराळे. जुलै २०२३ मध्ये ती शस्त्रांसह व्हिएतनामला भेट देण्यात आली. चालू स्थितीतील पूर्ण सज्ज कॉर्व्हेट भारताने मित्रराष्ट्रास देण्याची ती पहिलीच वेळ.

‘खुकरी’ला मात्र भंगारात काढले नाही, परदेशीही पाठविले नाही. संग्रहालय करण्यासाठी जानेवारी २०२२ मध्ये ती दीवच्या प्रशासनाच्या स्वाधीन झाली. त्याच दीवमध्ये समुद्रासमोरच्या टेकडीवर काचेच्या पेटीत जुन्या ‘खुकरी’ची प्रतिकृती ठेवलेली आहे.