पनवेलचें बेथ-एल

पनवेल हें नांव उच्चारलें कीं मुंबईकरांच्या व पुणेकरांच्या डोळ्यांपुढें प्रथम रस्ता उभा राहतो. येथून एक वाट बोरघाट चढून देशावर जाते, तर दुसरी कोंकणांतून गोव्याकडे वळते. त्यामुळें पनवेलवरून जाणारे लोक अगणित. पनवेल पाहण्यासाठीं उतरणारे मात्र विरळा. ज्याला दोन घटका सवड असेल त्यानें जुन्या शहरांत शिरावें आणि यहुदी लोकांचें ‘बेथ-एल’ नांवाचें प्रार्थनामंदिर कोठें आहे अशी चौकशी करावी. हें मंदिर १८४९ सालचें आहे. पनवेलची नगरपालिका स्थापन झाली १८५२ सालीं, आणि मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी धांवली १८५३ सालीं. या दोन्ही गोष्टींच्या आधीं गांवांतील बेने इस्राएल मंडळींनीं आपलें देवघर उभें केलें होतें.

बेथ-एल म्हणजे देवाचें घर. यहुद्यांच्या धर्मग्रंथांत अशी कथा आहे कीं, याकोब नांवाचा पुरुष प्रवासाला निघाला असतां वाटेंत त्याला रात्र पडली. उशाला धोंडा घेऊन तो उघड्यावर निजला. स्वप्नांत त्याला स्वर्गापर्यंत पोंचलेली शिडी दिसली. जागा झाल्यावर त्यानें त्या स्थळाला बेथ-एल हें नांव दिलें. एका वाटसरूनें ठेवलेलें हें नांव वाटेवरच्याच गांवांतील मंदिराला मिळावें, हा योग मोठा शोभून दिसतो.

पुण्याचें ‘लाल देऊळ’ पुष्कळांच्या पाहण्यांतलें असेल. डेव्हिड ससून यांनीं बांधावयास घेतलेलें आणि १८६७ सालीं पुरें झालेलें तें मंदिरहि यहुद्यांचेंच. परंतु त्याचा उंच मनोरा पाहून अनेक जण त्याला ख्रिस्ती देऊळ समजतात. पनवेलच्या मंदिराला तसला मनोरा नाहीं, आणि त्यामागें ससूनांसारख्या धनाढ्याची थैलीहि नव्हती.

जुन्या धर्मस्थळांना जाणारा मनुष्य बहुधा तेथील पवित्र अवशेष पाहण्याच्या इच्छेनें जातो. जुन्या गोव्यांत बॉम जेझूच्या चर्चमध्यें संत फ्रान्सिस झेवियर यांचा देह जतन केलेला आहे, आणि साधारणपणें दर दहा वर्षांनीं तो भाविकांच्या दर्शनासाठीं ठेवण्यांत येतो. सोपारें येथील स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं १८८२ सालीं उकरला, तेव्हां दगडी करंड्यांत एका भिक्षापात्राचे तुकडे सांपडले. ते प्रत्यक्ष बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानले गेले, आणि तो ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आला. बेथ-एलमध्यें यांपैकीं कांहींच मिळणार नाहीं. यहुदी धर्माला मूर्ति चालत नाहीं. मृताच्या अस्थि प्रार्थनास्थळीं ठेवणें तर त्याच्या शुचितेच्या नियमांतच बसत नाहीं. मग या मंदिरांत जपून ठेवण्याजोगें असें आहे तरी काय? तेथील पवित्र वस्तु म्हणजे एक हस्तलिखित.

बेने इस्राएल लोकांच्या प्रार्थनामंदिरांची रचना सर्वत्र साधारण सारखी असते. आंत जातांना पुरुषानें डोकें झांकावें लागतें. मध्यभागीं कठडा घातलेला चौथरा असतो, त्याला तेबा म्हणतात. पश्चिमेच्या बाजूस पडद्याआड एक कपाट असतें, तें हेखाल. आणि त्याच्यापुढें अखंड दिवा. युरोपांतील यहुदी पूर्वेकडे तोंड करून प्रार्थना करतात, आणि पनवेलचा यहुदी पश्चिमेकडे. कारण दोघांचीहि दृष्टि यरुशलेमकडेच लागलेली असते. या हेखालांत ‘सेफेर तोरा’ म्हणजे मोशेच्या पांच पुस्तकांची गुंडाळी ठेवलेली असते. आपल्याकडील सोंवळ्यांत बांधलेल्या पोथीची आठवण व्हावी अशीच तिची निगा राखतात.

सेफेर छापून चालत नाहीं. धर्माला मान्य असलेल्या जनावराचें कातडें कमावून त्यावर काळ्या शाईनें, बोरूनें किंवा पिसाच्या लेखणीनें, तो हातानेंच लिहावा लागतो. त्यांत एकंदर ३,०४,८०५ अक्षरें असतात. लेखकानें एकहि अक्षर केवळ स्मरणानें लिहावयाचें नाहीं. समोरची प्रत पाहून, शब्द तोंडानें उच्चारून मग तो उतरावयाचा. हें काम पुरें व्हावयास वर्षभराचा काळ सहज लागतो. कातड्याचे तुकडे जनावराच्या स्नायूंच्या दोऱ्यानें शिवून ती लांबच लांब पट्टी दोन लांकडी दांड्यांवर गुंडाळतात. वाचतांना तिला बोट लावीत नाहींत. टोंकाला लहानसा हात घडविलेली एक कांडी ओळींवरून फिरवितात. एखादें अक्षर पुसट झालें तरी दुरुस्ती होईपर्यंत तो सेफेर वाचनाला चालत नाहीं. कोंकणांतील चार महिन्यांच्या ओलाव्यांत असल्या वस्तूची राखण करणें म्हणजे काय, हें ज्यांच्या घरांत जुन्या पोथ्या आहेत त्यांना सांगावयास नको. आणि जो सेफेर दुरुस्तीपलीकडे गेला, तो फेंकीत नाहींत कीं जाळीत नाहींत. माणसाला द्यावी तशी त्याला मूठमाती देतात.

ग्रंथाची एवढी प्रतिष्ठा राखणाऱ्या या समाजाची गोष्ट मात्र ग्रंथ गमावण्यापासूनच सुरू होते. बेने इस्राएलांच्या परंपरेप्रमाणें, फार प्राचीन काळीं त्यांच्या पूर्वजांचें गलबत मुंबईच्या दक्षिणेस नवगांवच्या किनाऱ्यापाशीं फुटलें. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या. सामानसुमानाबरोबर धर्मग्रंथहि समुद्रांत गेले. वांचलेल्यांनीं कोंकणांत वस्ती केली, घाणे घालून तेल गाळण्याचा धंदा पतकरला, मराठी ही आपली भाषा केली आणि गांवांवरून आडनांवें घेतलीं. दिवेआगरचे ते दिवेकर, किहीमचे ते केहिमकर, पनवेलचे ते पनवेलकर. शनिवारीं ते घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणूं लागले.

ग्रंथ नाहीं, मंदिर नाहीं, पुरोहित नाहीं. तरी शतकानुशतकें हे लोक यहुदी राहिले ते कशाच्या बळावर? देव एकच आहे अशी ग्वाही देणारी ‘शमा’ ही प्रार्थना त्यांना पाठ होती. मुलाची सुंता ते आठव्या दिवशीं करीत. सणांचीं हिब्रू नांवें विसरलीं गेलीं, पण सण राहिले, आणि त्यांना मराठी नांवें मिळालीं. वर्षारंभ हा नव्याचा सण झाला. एक खिरीचा सण झाला. यरुशलेमच्या मंदिराच्या नाशाचा शोकदिन बिरड्याचा सण म्हणून पाळला जाऊं लागला, कारण त्या दिवशीं वालाचें बिरडें खाण्याची चाल पडली. पुढें दाविद रहाबी नांवाचा एक परदेशस्थ यहुदी आला, आणि हे आपलेच लोक आहेत कीं काय याची परीक्षा त्यानें घेतली, अशी कथा सांगतात. त्यानें नाना जातींची मासळी एकत्र करून घरांतील बायकांपुढें ठेविली. त्यांनीं पर व खवले असलेली मासळी तेवढी वेगळी काढली, आणि बाकीची आम्ही खात नाहीं असें सांगितलें. धर्मशास्त्रांतील नियम तोच होता. पोथी बुडाली होती, पण तिचें एक पान या बायकांनीं चुलीपाशीं जपून ठेविलें होतें.

हातीं ग्रंथ परत यावयास अठराव्या शतकाचा अखेर उजाडला. कंपनी सरकारच्या फौजेंतील एक बेने इस्राएल अंमलदार सामाजी हसाजी दिवेकर हा टिपूच्या कैदेंत सांपडला होता. सुटका झाल्यावर त्यानें १७९६ सालीं मुंबईंत या समाजाचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधलें. हे लोक प्रार्थनामंदिराला मशीद म्हणत, आणि मसजिद हें स्टेशनचें नांव या मंदिरावरूनच पडलें असें कित्येकांचें म्हणणें आहे. मंदिर झालें तरी सेफेर हवा होता. तो आणावयास सामाजी कोचीनला गेला आणि १७९७ सालीं तेथेंच वारला. पुढें कोचीनहून शिकविणारे यहुदी आले, हिब्रूचा अभ्यास सुरू झाला, आणि रेव्हरंड जॉन विल्सन यांनीं १८३२ सालीं मराठींतून हिब्रूचें व्याकरण प्रसिद्ध केलें. मंदिरें मुंबईहून कोंकणांत पसरलीं. रेवदंड्यास १८४२ सालीं, अलिबागेस १८४८ सालीं, आणि लगेच पुढच्या वर्षीं पनवेलास मंदिर झालें. जे पूर्वज केवळ स्मरणावर जगले, त्यांच्या वंशजांना आतां शनिवारीं आपल्या गांवांत सेफेर उघडलेला पाहावयास मिळूं लागला.

हिब्रू परत आली म्हणून त्यांनीं मराठी टाकली नाहीं. वल्हांडणाच्या रात्रीं वाचावयाची पोथी १८४६ सालींच मुंबईंत मराठी भाषांतरासह छापली गेली. बायबलांतील आख्यानांवर मराठी कीर्तनें होऊं लागलीं. शुभप्रसंगीं एलियाहू प्रवक्त्याच्या नांवानें मलिदा करतात. त्यांत भिजविलेले पोहे, गूळ, खोबरें व फळें असतात. अलिबागेजवळ खंडाळें गांवीं एका खडकावर उमटलेली खूण ते एलियाहूच्या रथाची किंवा घोड्याच्या टापांची मानतात आणि तेथें नवस फेडावयास जातात. पॅलेस्टाइनच्या प्रवक्त्याला कोंकणच्या पोह्यांचा नैवेद्य दाखविण्यांत त्यांना कधीं विसंगति वाटली नाहीं.

१९४८ सालीं इस्राएलचें राष्ट्र स्थापन झालें, त्या सुमारास हिंदुस्थानांत बेने इस्राएलांची संख्या वीस हजारांच्या आसपास होती. त्यानंतर कुटुंबांमागून कुटुंबें तिकडे गेलीं. तेथेंहि त्यांची परीक्षा चुकली नाहीं. इतर यहुद्यांशीं विवाह करावयाचा तर आधीं कुलशुद्धि तपासावी, असा आग्रह तेथील धर्माधिकाऱ्यांनीं धरला. फार मोठी चळवळ झाल्यावर १९६४ सालीं तेथील संसदेनें त्यांची समता मान्य केली. तेथें स्थायिक झाल्यावरहि त्यांनीं ‘मायबोली’ नांवाचें मराठी नियतकालिक चालविलें. इकडे २०११ सालच्या खानेसुमारींत सर्व भारतांतील यहुदी मिळून पांच हजारहि भरले नाहींत. महाराष्ट्र सरकारनें त्यांना २०१६ सालीं अल्पसंख्य समाज म्हणून मान्यता दिली.

या आंकड्यांचा मंदिराशीं फार निकटचा संबंध आहे. सेफेर बाहेर काढून समुदायापुढें वाचावयाचा, तर तेरा वर्षांवरील किमान दहा पुरुष हजर असावे लागतात. नऊ असले तर प्रत्येकानें आपापली प्रार्थना म्हणावी; सेफेर मात्र हेखालांतून निघावयाचा नाहीं. झेवियरच्या देहाला कीं सोपाऱ्याच्या पात्राला पाहणारा कोणी नसला तरी त्याच्या महत्त्वाला बाध येत नाहीं. सेफेराची गोष्ट तशी नाहीं. तो दर्शनासाठीं नसून वाचनासाठीं आहे, आणि वाचणारे पांगले कीं तो मुका होतो. कोंकणांतील कित्येक गांवीं आज दहांची गणति भरणें कठीण झालें आहे. एके काळीं समाज होता आणि ग्रंथ नव्हता. आतां ग्रंथ आहे, आणि समाज मात्र विरळ होत चालला आहे.

म्हणून जो कोणी बेथ-एल पाहावयास जाईल, त्यानें तें एक पुराणवस्तु म्हणून पाहूं नये. व्यवस्थापकांची परवानगी अगोदर घ्यावी. शनिवार हा त्यांच्या विश्रांतीचा व उपासनेचा दिवस, तेव्हां केवळ पाहण्यासाठीं त्या दिवशीं जाऊं नये. हेखालाचा पडदा बाजूला सारला नाहीं, तरी हिरमुसलें होण्याचें कारण नाहीं. मंदिर दाखविणाऱ्या गृहस्थांपाशीं दोन घटका बसावें, त्यांचें आडनांव कोणत्या गांवावरून पडलें तें विचारावें, त्यांच्या घरीं बिरडें कोणत्या दिवशीं शिजतें याची विचारपूस करावी. हीं उत्तरें त्यांच्याकडून मराठींतच मिळतील, आणि सेफेर हातीं नसलेल्या काळांत त्यांच्या पूर्वजांनीं काय जपलें होतें तें त्यांतून कळेल.